वाचकांचे प्रश्न : जेनोआच्या उमराव स्त्रिया आणि त्यांचे चित्रकार

गेल्या अंकात पीटर पॉल रुबेन्स या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) चित्रकाराने १६०६ मध्ये रंगवलेले, इटलीतील जेनोआ शहराच्या मार्केझा (उमराव स्त्रीची पदवी) ब्रिजिदा स्पिनोला दोरिया हिचे व्यक्तिचित्र आम्ही छापले होते. पांढऱ्या सॅटिनचा झगा, गळ्याभोवती भली मोठी चुणीदार कॉलर, केसांत मोती, हातात पंखा आणि पाठीमागे उसळलेला लाल पडदा, असे ते चित्र आहे. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’मध्ये असते. त्यावर आणि बरोक काळातील (ढोबळमानाने सतराव्या शतकातील) उमराव स्त्रियांच्या चित्रांवर बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ही स्त्री आपल्याकडे वरून पाहत आहे असे सतत वाटते. एवढ्या मोठ्या पोशाखात चेहराही लहान दिसतो. यात चित्रकाराचे प्रमाण चुकले आहे, की हा हेतू आहे?

उत्तर : हा हेतूच आहे, आणि माझ्या मते या चित्राचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर आपण सवयीने आधी चेहऱ्याकडे पाहतो, कारण चेहऱ्यावरून स्वभाव कळावा अशी आपली अपेक्षा असते. त्या काळच्या उमराव घराण्याच्या दिवाणखान्यातील चित्र मात्र आधी पाहणाऱ्याची जागा ठरवून देते. रुबेन्सने पाहणाऱ्याचा डोळा बराच खाली, तिच्या कमरेच्याही खाली कल्पिला आहे. त्यामुळे मागच्या इमारतीच्या आडव्या कंगोऱ्यांच्या रेषा दूर जाताना खाली उतरतात, स्तंभ अधिक उंच भासतात आणि ब्रिजिदाची मान पंख्याएवढ्या कॉलरवर तोलून धरल्यासारखी आपल्या डोक्याच्या वर राहते. आपण तिच्यासमोर बसलेलो नसून पायरीखाली उभे आहोत, हे आपल्याला कोणीही न सांगता कळते.

आज हा परिणाम काहीसा विचित्र वाटतो, त्याचे कारण वेगळे आहे. हे चित्र आज सुमारे १५२ गुणिले ९९ सेंटिमीटर आहे, पण मुळात ते पूर्णाकृती होते. पुढे, बहुधा एकोणिसाव्या शतकात, ते चारही बाजूंनी कापले गेले. तिची पावले, खालची फरशी आणि भोवतालचे बरेचसे मोकळे अवकाश त्यात गेले. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात या चित्रासाठी रुबेन्सने केलेले रेखाटन आहे. त्यात ती प्रासादातून गच्चीवर चालत येत आहे, झग्याचा घोळ जमिनीवर पसरला आहे आणि बाजूची वास्तू तिच्याइतकीच महत्त्वाची आहे. रेखाटनावर रुबेन्सने स्वतःच्या हाताने रंगांच्या टिपाही लिहून ठेवल्या आहेत. ते रेखाटन पाहिले की मागचा पडदा एवढा का फडफडतो याचा उलगडा होतो. ती बसलेली नाही, थांबलेलीही नाही. ती घरातून बाहेर उजेडात येत आहे आणि पडद्याला तिच्या चालीचा नाही तर बाहेरच्या मोकळ्या हवेचा धक्का लागला आहे. कापलेल्या चित्रात ती चाल गेली, पडद्याची हालचाल तेवढी उरली.

आता हा थाट जेनोआतच का, हेही पाहायला हवे. जेनोआ हे प्रजासत्ताक होते, तेथे राजा नव्हता. दोरिया, स्पिनोला, ग्रिमाल्दी, पाल्लाविचिनो अशी मोजकी घराणी सत्ता वाटून घेत आणि स्पेनच्या राजाला मोठाली कर्जे देत. राजदरबार नसल्यामुळे मानाची उतरंड घराघरांतून ठरत असे. १५७६ पासून तर तेथे प्रासादांच्या अधिकृत याद्या केल्या जात. त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. बाहेरून येणाऱ्या राजपाहुण्यांना कोणाच्या घरी उतरवायचे, हे त्या यादीवरून ठरे. म्हणजे धनिकाचे खाजगी घर हेच राज्याचे अतिथिगृह होते, आणि त्या घरात पाहुण्याचे स्वागत करणारे पहिले माणूस, निदान भिंतीवर तरी, ही अशी पूर्णाकृती गृहस्वामिनी असे. रुबेन्सला या प्रासादांचे इतके आकर्षण होते की पुढे आपल्या अँटवर्प शहरी परतल्यावर, १६२२ मध्ये, त्याने त्यांचे नकाशे आणि दर्शनी भाग यांचा एक संग्रहच छापला. या चित्रातील वास्तू केवळ शोभेसाठी आलेली नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

ब्रिजिदाचा विवाह १६०५ मध्ये जाकोमो मास्सिमिलियानो दोरिया याच्याशी झाला. चित्र त्याच्या दुसऱ्या वर्षीचे आहे, तेव्हा ती २२ वर्षांची होती. एवढ्या पांढऱ्याशुभ्र, रत्नजडित पोशाखावरून हा विवाहाचा वेश असावा असा तर्क केला जातो आणि तो पटण्याजोगा आहे. दोन मोठी घराणी जोडली गेली, त्याची ही भिंतीवरची नोंद होती. ओठांच्या कोपऱ्यातले किंचित हसू मात्र त्या नोंदीला आवश्यक नव्हते. ते रुबेन्सने आपल्या पदरचे दिले असे मी मानतो.

प्रश्न : गळ्याभोवतीची ती कॉलर ताठ कशी राहत असे? ती घालून या स्त्रिया जेवत कशा?

उत्तर : बारीक विणीच्या लिननची लांबच लांब पट्टी घेऊन तिच्या एका कडेला दाट चुण्या घालून ती गळपट्टीवर शिवत. मग तिला खळ देत, आणि ओलसर असतानाच तापवलेल्या धातूच्या काड्यांवर एकेक घडी बसवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे तयार करत. फार मोठ्या कॉलरला खालून तारेचा आधार लागे. दमट हवेत किंवा पावसात ही सारी मेहनत वाया जाई आणि धुलाईनंतर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. म्हणूनच ती श्रीमंतीची खूण ठरली: जिच्याकडे हे रोज करून देणारी माणसे आहेत, तिनेच ती घालावी. जेवणे गैरसोयीचे होते यात शंका नाही. हनुवटीखालचे ताट दिसत नसेल, तर घास बेतानेच घ्यावा लागतो.

चित्रकाराच्या दृष्टीने मात्र ही कॉलर म्हणजे मोठीच सोय होती. ती चेहऱ्याला धडापासून वेगळे करते आणि खालून त्यावर उजेड टाकते. ब्रिजिदाच्या हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला पाहावे. तेथे सावली आहे, पण ती काळपट नाही. पांढऱ्या कापडावरून परतलेला उजेड त्या सावलीत शिरल्यामुळे तेथील त्वचा उबदार आणि जिवंत दिसते. रंगपेटीत काळा रंग असूनही सावलीसाठी तो न वापरण्याचा संयम फ्लेमिश चित्रकारांकडे होता, आणि तो अशा जागी कामी येतो.

प्रश्न : सॅटिनची चमक रंगांनी कशी साधली आहे? त्यात चांदीचा वर्ख वापरला असावा का?

उत्तर : वर्ख मुळीच नाही. जी चमक दिसते ती शेजारशेजारच्या छटांमधील अंतरातून निर्माण झालेली आहे. सुती कापडावर उजेड हळूहळू मावळतो, सॅटिनवर तो एकदम तुटतो. घडीच्या माथ्यावर जवळजवळ शुद्ध पांढरा आणि त्याला चिकटून लगेच मध्यम करडा, अशी उडी तेथे असते. रुबेन्स साधारणपणे कॅनव्हासवर आधी तपकिरी किंवा करड्या रंगाचा पातळ हात फिरवून घेई, आणि तो तळ मधल्या छटांसाठी काही ठिकाणी तसाच उघडा ठेवी. त्यावर सावल्या पातळ आणि पारदर्शक, उजेड मात्र जाड आणि अपारदर्शक, हा त्याचा शिरस्ता होता. घडीच्या माथ्यावरचा पांढरा रंग इतका दाट लावलेला असतो की कुंचल्याच्या केसांच्या खुणा त्यात उमटून राहतात, आणि दालनातला खराखुरा उजेड त्या बारीक कडांवर अडून चमकतो. हातभर अंतरावरून पाहिले तर तेथे कापड नसते. करड्या पट्ट्या, काही तिरपे फटकारे आणि एखादी जाड रेघ एवढेच असते. चार पावले मागे गेल्यावर त्याचे पुन्हा कापड होते.

हा पांढरा म्हणजे शिशापासून केलेला सफेदा. शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेत, शेणाच्या उबेत ठेवून त्यांवर जमणारी पांढरी भुकटी खरवडून काढत. तेलात तो चिवट होतो आणि शतकानुशतके टिकतो. क्ष-किरण छायाचित्रात तो ठळक पांढरा उमटत असल्यामुळे चित्रकाराने मधेच बदललेला हात किंवा हलवलेली घडी आज आपल्याला दिसू शकते. हाच सफेदा त्या काळी स्त्रिया चेहऱ्यालाही लावत. चित्रावर तो निर्धोक असला, तरी त्वचेवर विषारी होता. लाल पडद्यासारख्या भागासाठी त्या काळी हिंगूळ आणि त्यावर किरमिजासारख्या कीटकांपासून केलेल्या पारदर्शक लाल रंगाचे थर देण्याची पद्धत होती. हे कीटकजन्य रंग उजेडाने विटतात, तर हिंगूळ कधी कधी काळवंडतो. त्यामुळे जुन्या चित्रांतला लाल आज जसा दिसतो तसाच तेव्हा होता, असे गृहीत धरू नये.

प्रश्न : व्हॅन डाइकच्या एका चित्रात उमराव स्त्रीच्या डोक्यावर एक कृष्णवर्णीय सेवक लाल छत्री धरून उभा आहे. तो कोण? त्याला चित्रात का घेतले असावे?

उत्तर : आपण म्हणता ते चित्र मार्केझा एलेना ग्रिमाल्दी कात्तानेओ हिचे, १६२३ चे. तेही वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहालयात आहे आणि सुदैवाने अखंड आहे: उंची २४२.९ आणि रुंदी १३८.५ सेंटिमीटर. अँथनी व्हॅन डाइक हा फ्लेमिश चित्रकार तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. अँटवर्पहून १६२१ च्या अखेरीस तो इटलीत आला होता आणि रुबेन्सची जेनोआतील चित्रे त्याच्यासमोर होती. ब्रिजिदाच्या चित्रात कापून गेलेले सगळे काही येथे शाबूत पाहायला मिळते: गच्चीवरची चाल, उंच खाचदार स्तंभ, मागचा मोकळा देखावा आणि तळापर्यंत आलेला काळा झगा. मनगटाशी दोन लालभडक पट्टे आहेत, हातात नारिंगाच्या मोहोराची एक डहाळी आहे. काळ्या रंगाच्या एवढ्या मोठ्या विस्तारात ते दोन पट्टे आणि वरची लाल छत्री असा त्रिकोण डोळा आपोआप जुळवतो, आणि त्या त्रिकोणाच्या मध्यावर तिचा चेहरा येतो. छत्रीचा गोल तिच्या मस्तकामागे संतांच्या प्रभावळीसारखा बसतो, हे तर अनेकांनी टिपले आहे.

छत्र हे मानाचे चिन्ह असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ते धरणाऱ्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. जेनोआ हे भूमध्य समुद्रावरचे व्यापारी बंदर होते, आणि तेथील धनिकांच्या घरांत गुलाम ठेवले जात. आफ्रिकेतून आणलेली माणसेही त्यांत असत. युरोपच्या दरबारी चित्रांत कृष्णवर्णीय सेवक दाखवण्याची प्रथा सोळाव्या शतकापासून होती. त्यामागे परदेशी व्यापाराचा, दूरवर पोहोचलेल्या पैशाचा दिमाख असे, आणि मालकिणीची गोरी कांती उठून दिसावी हाही एक हेतू असे. जुन्या कलासमीक्षेत या सेवकाचा उल्लेख नुसता ‘रंगसंगतीसाठी घेतलेला’ असा येतो. तो मला अपुरा वाटतो. व्हॅन डाइकने त्याला साच्यातला चेहरा दिलेला नाही. वर उचललेली नजर, वळलेली मान आणि छत्रीच्या दांड्यावर दिलेला भार ही सगळी खऱ्या माणसासमोर बसून केलेली निरीक्षणे आहेत. म्हणजे चित्रकाराने त्याला नीट पाहिले होते आणि तरीही चित्राच्या मांडणीत त्याला छत्रीच्या दांड्याची जागा दिली. एलेना आपल्याकडे पाहते आणि तो तिच्याकडे. त्याची नजर आपल्याला कधीच भेटत नाही, कारण हे चित्र ज्यांच्यासाठी होते त्यांना त्या भेटीचे कारण नव्हते.

याच घरातील दोन मुलांचीही, फिलिप्पो आणि माद्दालेना यांची, १६२३ मधली चित्रे आहेत आणि तीही आज आईच्याच संग्रहालयात आहेत. मोठ्या माणसांच्या कपड्यांच्या छोट्या आवृत्त्या घातलेली ती मुले पाहिली की, मघाशी म्हटलेले घराणे नावाचे प्रकरण किती लवकर सुरू होत असे, ते समजते.

प्रश्न : अशा स्त्रिया चित्रकारापुढे किती वेळ बसत? चेहरा कितपत खरा मानावा?

उत्तर : आपण समजतो त्याहून पुष्कळच कमी वेळ. व्हॅन डाइकच्या लंडनमधील कामाची हकीकत त्याचा परिचित बँकर व संग्राहक एव्हरहार्ड याबाख याने सांगितली होती आणि ती पुढे लिहून ठेवली गेली. तिच्यानुसार एका बैठकीला तो तासाभराहून अधिक वेळ देत नसे. तास संपला की उठून नमस्कार करी, पुढची वेळ ठरवी आणि दुसरे माणूस बसवले जाई. करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने तो शरीराची ठेवण आणि पोशाख पटकन उतरवून घेई. कपडे त्याच्याकडे पाठवले जात आणि मदतनीस ते समोर ठेवून रंगवत. शेवटचा हात तो स्वतः फिरवी. हातांसाठी तर तो मोबदला देऊन माणसे बसवत असे. त्याच्या इंग्लंडमधील चित्रांत निरनिराळ्या स्त्रियांचे हात एकाच घरातल्या बहिणींसारखे लांबसडक आणि निमुळते दिसतात, त्याचे कारण यात आहे. तेव्हा हातांवरून स्वभाव ओळखण्याचा मोह टाळावा.

चेहरा त्यामानाने विश्वासार्ह असतो, पण त्यावरही काळाची पसंती चढते. इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा याच्या दरबारात चित्रकार पीटर लेली याने रंगवलेल्या स्त्रिया जड पापण्यांच्या, अर्धवट झोपेतून उठल्यासारख्या दिसतात, कारण दरबाराला तो भाव आवडत होता. ‘विंडसर ब्यूटीज’ नावाने ओळखला जाणारा त्याचा संच सलग पाहिला, तर कोण कोणती हे सांगणे कठीण जाते. मला विचाराल तर त्यापेक्षा स्पॅनिश दरबारी चित्रकार व्हेलाझ्केझ याने रंगवलेल्या स्पेनच्या राजकन्या आणि राण्या अधिक खऱ्या वाटतात. त्याने राणी मारियाना हिचे १६५२-५३ च्या सुमाराचे जे चित्र केले, ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात पोशाखाचा घेर दारातून मावणार नाही एवढा आहे, आणि चेहरा चक्क कंटाळलेला आहे.

प्रश्न : चित्रावर नाव किंवा साल नसेल, तर पोशाखावरून काळ ओळखता येतो का?

उत्तर : ढोबळमानाने येतो, आणि त्यासाठी गळा पाहावा. गोल ताठ चुणीदार कॉलर असेल, तर चित्र सामान्यतः १६३० च्या आधीचे. खांद्यांवर सपाट पडलेली रुंद लेसची कॉलर १६३० च्या दशकाकडे नेते. उघडे खांदे, सैल सॅटिन आणि गळ्यालगत मोत्यांचा एकच सर हे सतराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले. कपाळावर लेसचा उंच मनोरा बांधलेला असेल, तर ती १६८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षे समजावीत. मात्र प्रदेश लक्षात घ्यावा. हॉलंडमधील वयस्क स्त्रिया जुनी कॉलर पुढे बराच काळ घालत राहिल्या, आणि स्पेनमध्ये फुगीर घेराच्या झग्यावर १६३९ मध्ये बंदी आली असूनही दरबारात तो वाढतच गेला. शिवाय चित्रकार पुष्कळदा मुद्दाम कालातीत पोशाख देत. एखादी स्त्री वनदेवी डायना किंवा मेंढपाळीण म्हणून रंगवलेली असेल, तर कपड्यांवर विसंबू नये. केशरचना पाहावी, कारण देवीचे रूप घेतले तरी केस मात्र त्या वर्षीच्या चालीप्रमाणेच बांधलेले असतात.

नावाची खात्री करण्यासाठी कॅनव्हासची मागची बाजूही तपासतात. पण जुन्या चित्रांना आधारासाठी मागून दुसरे कापड चिकटवलेले असते आणि त्याखाली मूळ मजकूर झाकला जातो. पुढच्या बाजूला लिहिलेली नावे तर कधी कधी वारसांनी शंभर-दीडशे वर्षांनी घातलेली असतात. अशी अक्षरे व्हार्निशच्या थराखाली आहेत की वर, आणि रंगाला पडलेल्या भेगांतून त्यांचा रंग आत ओघळला आहे का, हे भिंगाखाली पाहावे. भेगेत उतरलेले अक्षर भेग पडल्यानंतरचे असते.